शेजारच्या टेबलावरची चिठ्ठी

महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी माझ्या हातून एक चूक झाली. कामतघरला आमच्या मतदान केंद्रापासून थोडं अलीकडे उमेदवारांची टेबलं लागली होती. यादीतला आपला नंबर तिथे चिठ्ठीवर लिहून देतात. आमच्या नगरसेवकांच्या टेबलावर गर्दी होती, म्हणून मी शेजारच्या टेबलावरून चिठ्ठी घेतली. ते टेबल त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या बाईंचं होतं.

"काय गं, कॉलेजला गेलीस आणि टेबल बदललंस?" नगरसेवकांच्या टेबलावर बसलेले आमच्या चाळीतले काका म्हणाले. सगळे हसले. आई हसली नाही.

"त्यांच्याकडूनच दाखला घ्यायचाय ना तुला?" ती हळूच म्हणाली.

स्कॉलरशिपसाठी मला रहिवासाचा पुरावा हवा होता. आमची खोली भाड्याची, लाइटबिल मालकाच्या नावावर, करार कधी झालाच नाही. नगरसेवकांचा सही-शिक्क्याचा दाखला, एवढाच आधार. आचारसंहिता लागल्यावर त्यांनी "इलेक्शननंतर ये" म्हणून परत पाठवलं होतं. निकालानंतर तीनच दिवसांनी फॉर्मची मुदत संपत होती. दाखला मिळाला नाही तर दुसरं वर्ष तिथेच थांबणार होतं. पप्पा लूमवर दोन शिफ्ट करत होतेच, तिसरी कुठून करणार?

आमच्या प्रभागात चार मतं द्यायची होती. तीन बटणं पटकन दाबली. चौथ्या जागेसाठी नगरसेवक आणि त्या बाई. नळाला पाणी येईना तेव्हा आमच्या गल्लीत दारोदार फिरल्या, त्या याच. मला त्यांनाच मत द्यायचं होतं. मत गुप्त असतं हे मी परीक्षेत लिहून आले होते. तरी बाहेर यादीवर खुणा करत बसलेले काका डोळ्यांसमोरून हलेनात.

"ताई, एक मत राहिलंय," पलीकडून अधिकारी म्हणाले.

मी नगरसेवकांचं बटण दाबलं. मशीन वाजलं.

ते पुन्हा निवडून आले. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या ऑफिसात गेले, तेव्हा पायरीवर गुलाल होता. काका तिथेच चहा पीत होते. "आपल्या चाळीतली आहे, साहेब," ते सहज म्हणाले. टेबलाची गोष्ट त्यांना आठवतही नसावी.

नगरसेवकांनी गठ्ठ्यातून एक दाखला ओढला. 'यांना मी व्यक्तिशः ओळखतो' हे त्यावर आधीच छापलेलं होतं. खाली सहीही होती.

"नाव काय तुझं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. आडनाव दोनदा सांगावं लागलं.