डोळे उघडलेल्या होड्या

परवा सकाळी अण्णांचा फोन आला, मनालीच्या वरच्या एका गावातून. बर्फ कसा असतो ते त्यांना मला सांगायचं होतं... आणि मला त्यांना भलतंच काहीतरी सांगायचं होतं.

अण्णा म्हणजे माझे सासरे. तलासरीच्या अलीकडे हायवेला लागून आमची एक शेड आहे, तिला घरात सगळे 'कंपनी' म्हणतात. तिथे स्की बनतात. हो, बर्फावर घसरायच्या स्की, आणि त्याही तलासरीत. लग्न ठरलं तेव्हा मीही तुमच्यासारखीच हसले होते.

कंपनी काढली माझ्या आजेसासऱ्यांनी. ते किनाऱ्यावरच्या वरोर गावचे, होड्या बांधणारे सुतार. डहाणूच्या एका चिकूवाडीवाल्या पारशी शेठनी काश्मीरहून मोडकी स्की दुरुस्तीला आणली. तिचं वर वळलेलं टोक बघून आजोबा म्हणाले, ही तर होडीच आहे, फक्त पायापुरती. त्यांनी फळी वाफेवर वाकवून नवी जोडीच करून दिली आणि मग ऑर्डरी येत गेल्या. आजोबांनी जन्मात बर्फ पाहिला तो गोळ्याच्या गाडीवरचा.

आता होडी म्हटली की तिला डोळा हवा, नाहीतर तिला वाट कशी दिसणार? म्हणून डाव्या स्कीच्या टोकावर डावा डोळा, उजव्या स्कीवर उजवा, काळ्या-पांढऱ्या ऑइल पेंटने. गिऱ्हाइकांना वाटायचं, हा कंपनीचा लोगो...

आजोबांचा नियम एकच. डोळा सगळ्यात शेवटी काढायचा आणि माल लगेच रवाना करायचा. डोळा उघडलेली होडी जमिनीवर ठेवायची नाही, आणि ठेवावीच लागली तर एकटी सोडायची नाही.

२०१४ मध्ये अण्णांनी काश्मीरच्या ऑर्डरचे डोळे काढले आणि तिकडे पूर आला. माल घेणाऱ्याचं दुकानच वाहून गेलं. पुढे बाहेरच्या फायबरच्या स्की आल्या, कंपनी थंडावली. त्या जोड्या मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, आणि अण्णांनी आपली खाट त्यांच्याजवळ नेऊन टाकली. कारण काय, तर एकट्या सोडायच्या नाहीत. आम्ही कपाळाला हात लावला.

यंदा दिवाळीनंतर जमीन हलायला लागली. इकडच्या लोकांना त्याचं वर्णन नको... आधी खालून ट्रक गेल्यासारखा आवाज, मग भांडी. सगळं गाव मैदानात ताडपत्रीखाली झोपायला लागलं. अण्णा मात्र तडे गेलेल्या त्या भिंतीखालीच. नवरा पाया पडला, मी भांडले, रडलेसुद्धा. एक ना एक दिवस ती भिंत त्यांना घेऊन जाणार, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

त्यातच अण्णा म्हणायला लागले की जोड्या वळतात. भिंतीकडे तोंड करून ठेवल्या तरी सकाळी डोळे दाराकडे असतात. मी म्हटलं, धक्क्याने सरकत असतील, त्यात काय एवढं.

एका दुपारी अण्णांना घरी जेवायला पाठवलं आणि त्यांची समजूत खोटी ठरवायचीच म्हणून सगळ्या जोड्या मी स्वतः भिंतीकडे वळवल्या. सुतळीने करकचून बांधल्या, वर माझी दुहेरी गाठ. ती घरात कुणालाच सुटत नाही. मग दारात मेथी निवडत बसले. शेडला दार तेवढं एकच... धक्का नव्हता, वाराही नव्हता.

मेथी संपली. उठले आणि मागे वळून पाहिलं. सगळे डोळे माझ्याकडे बघत होते. सुतळी जशीच्या तशी, गाठही तशीच...

मेथी तिथेच टाकून मी बाहेर पळाले. त्यानंतर अण्णांची थट्टा करायची माझी हिंमत झाली नाही.

संध्याकाळपर्यंत ओळखीतल्या सगळ्यांना फोन लावले. मनालीच्या वर एक जण गावातल्या पोरांना स्की शिकवतो असं कळलं, आणि त्याला लाकडी चालणार होत्या. गाडी ठरली. तर अण्णा म्हणाले, होडीच्या पहिल्या फेरीला सुतार बरोबर जातो, आपली रीत आहे ती. या वयात, टेम्पोतून! नवरा त्यांच्यासोबत गेला. मी म्हटलं जाऊ देत, चार दिवस तरी भिंतीपासून लांब राहतील.

ते तिकडे पोचले आणि इकडे त्याच रात्री मोठा धक्का बसला. सकाळी शेडवर गेले तर मागची भिंत आत कोसळलेली. अण्णांची खाट कुठे दिसेचना. विटा बाजूला करता करता एक पाय हाताला लागला... खाटेचा.

तेवढ्यात तो फोन वाजला. अण्णा सांगत होते की बर्फ अगदी मिठागरासारखा दिसतो, फक्त गार. पोरं होड्या पायात घालून भराभर उतरतायत, एक पडला, परत उठला. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. मी कसंबसं भिंतीचं सांगितलं... खाटेचंही.

मग ते म्हणाले, "बाय, इतकी वर्षं मला वाटत होतं, त्यांना जायचंय... त्यांना मला बाहेर न्यायचं होतं."

मी विटांवरच बसून रडले. भीतीने म्हणा, सुटल्यासारखं वाटलं म्हणून म्हणा.

रात्री नवऱ्याने व्हिडिओ पाठवला. पांढऱ्या उतारावरून जोड्या खाली येतात, एकेक करून थांबतात, आणि सगळे डोळे सरळ माझ्याकडे. मी मोबाईल पालथा ठेवला... मग पुन्हा सुलटा केला, आणि हात जोडले.