उन्हातला खड्डा

बर्फात खड्डा खणायचा होता सावलीत. मी तो उन्हात खणला. कारण सांगायलाही लाज वाटते. माझी बोटं गारठली होती.

खाडीकाठच्या बोनकोड्यात वाढलेल्या माणसाचा बर्फाशी संबंध मासळीच्या पेटीपुरता. तरी दोन हिवाळे हिमालयात काय जाऊन आलो, सोसायटीच्या गेटवर वॉचमनला हिमकडे कसे सुटतात यावर व्याख्यानं द्यायला लागलो. तो बिचारा ड्युटी सोडून पळणार कुठे.

तिसऱ्या हिवाळ्यात आम्ही तिघे निघालो: मी, माझा शाळेपासूनचा दोस्त आणि तिथलाच एक वाटाड्या. ज्या उतारावरून जायचं, त्याच दिशेला तोंड असलेल्या उतारावर आधी खड्डा खणून थर बघायचे, असं वाटाड्याने बजावलं होतं. वर कडक आणि खाली साखरेसारखा सुटा बर्फ लागला, तर मुकाट मागे फिरायचं. आमचा उतार सावलीतला होता.

सकाळी वाटाड्या तंबू आवरत होता. दोस्ताने चहा टाकला आणि फावडं माझ्या हातात दिलं. सावली पन्नास पावलांवर होती, ऊन दहा पावलांवर. मी दहा पावलं गेलो. उन्हातला बर्फ वरपासून खालपर्यंत घट्ट निघाला. परत येऊन म्हणालो, "एकदम सिमेंट आहे. टेन्शन नाही." आणि दोन कप चहा प्यालो.

उतार एकेकाने ओलांडायचा होता. वाटाड्या पार झाला. दोस्त मधोमध पोचला तेव्हा धप्प असा आवाज आला, जमिनीच्या पोटातून आल्यासारखा. त्याच्या वरच्या अंगाला एक भेग सरसर धावत गेली आणि अख्खा उतारच खाली निघाला. आम्ही त्याला शोधला, लवकर शोधला. त्याच फावड्याने उकरून काढला. उपयोग झाला नाही.

गावात जो तो म्हणाला, निसर्गापुढे कोणाचं काय चालतं. मी मान हलवली. वर्षभर हलवत राहिलो. व्याख्यानं मात्र बंद झाली. वॉचमनने एकदा विचारलंही, साहेब, तब्येत बरी आहे ना.

वर्षश्राद्धाला पंगती उठल्यावर मी दोस्ताच्या वडिलांशेजारी जाऊन बसलो. काकांनी उभी हयात मिठागरात काढलेली. त्यांना सगळं सांगितलं: ऊन, बोटं, चहासुद्धा. मला वाटलं, कानाखाली वाजवतील. वाजवली असती तर बरं झालं असतं.

काका समोरच्या पानावरचं मीठ बोटाने सारखं करत होते.

"मिठाची रास उपसाच्या आदी आमी काठी टोचून बघायचो," ते म्हणाले. "सावलीकरनं. उनाची बाजू कडकच दिसतं."

मग पान दुमडलं, उठले, माझ्याकडे बघितलं.

"तू लानपनापासना कामचोर हायेस, ह्या माज्या पोराला ठाव होता. तरी त्यानं फावरा तुज्याच हातान दिला."