जुन्या नावाला ओ

रेवतीचं सासरचं नाव सुलक्षणा. लग्नात ताम्हणातल्या तांदळात विद्याधरने अंगठीने ते लिहिलं, फोटो निघाला आणि तांदूळ भटजी घेऊन गेले. तेव्हापासून सासूबाई, म्हणजे सुहासिनीबाई, 'सुलक्षणा' अशी हाक मारतात आणि रेवतीला ती ऐकूच येत नाही. मुद्दाम नाही हो, कानाला सवय झालीच नाही. सासूबाईंच्या मते मात्र हा शुद्ध माज. चारकोपच्या दोन खोल्यांत हे वीस वर्षं सुखाने चालू आहे.

रेवती एका विमा कंपनीचे क्लेम घरून तपासते. साहेबांनी बजावलं होतं, की कनेक्शनचं रडगाणं आणखी एकदा ऐकलं तर रोज अंधेरीच्या ऑफिसात यायचं. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यांना दिवसभर एकटं ठेवणं अशक्य. आणि नेमकं सोमवारी, मीटिंगच्या तोंडावर, व्हीपीएन जोडला जाईना. हा म्हणजे घरातून ऑफिसात शिरायचा खासगी रस्ता. तो गेला की सगळं काम बंद. पडद्यावर एवढंच, 'सर्व्हर सापडत नाही.'

विद्याधर त्या दिवशी रजेवर होता, दुर्दैवाने. कुठल्याही यंत्रावर त्याच्याकडे एकच औषध, बंद करून चालू करणे. त्याने राउटर बंद केला, वायर काढली, तिच्यावर फुंकर मारली. सासूबाईंची मोबाइलवरची मालिका ऐन थोबाडीत अडकली. नेट परत आलं, थोबाडीत पडली, पण व्हीपीएन जोडला जाईना.

शेवटी रेवतीने ऑफिसच्या केयूरला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. त्यानेही आधी बंद करून चालू करायला सांगितलं, तेव्हा विद्याधरची छाती फुगली. मग केयूरने एक ओळ टाइप करायला लावली. लॅपटॉपचं उत्तर आलं, या नावाचं कुणी नाही.

"अरे हां," केयूर म्हणाला, "मॅडम, सर्व्हर तोच आहे, जागा तीच आहे. शनिवारी फक्त नाव बदललं त्याचं. तुमचा लॅपटॉप जुन्या नावाने पत्ता विचारतोय, आणि ते नाव आम्ही काढून टाकलंय ना."

"त्याला विचारलं होतं का कुणी?"

"कुणाला?"

"जाऊ दे. मीटिंग आहे रे, काहीतरी कर."

केयूरने जुनं नावही परत त्याच पत्त्याला जोडून दिलं. आता कुठल्याही नावाने हाक मारा, पोचाल तिथेच, असं तो म्हणाला. व्हीपीएन झटक्यात जोडला गेला. रेवती मीटिंगला पोचली तर साहेबांचाच पत्ता नव्हता. त्यांचाही लॅपटॉप सकाळपासून जुन्याच नावाने हाका मारत बसला होता. अंधेरीचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही.

मीटिंग संपल्यावर सासूबाईंनी हळूच विचारलं, "जुनं नाव असं परत लावता येतं?"

"येतं की."

त्या जरा वेळ गुडघ्यावरून हात फिरवत राहिल्या. "माझं माहेरचं शकु होतं गं," त्या म्हणाल्या. "आता त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही."

रेवती उठून स्वयंपाकघरात गेली, चहा ठेवला आणि आतूनच ओरडली, "शकुताई, साखर किती?"

"ओ," बाहेरून लगेच उत्तर आलं. "एकच चमचा, रेवती."

राउटर पुसत बसलेल्या विद्याधरने मान वर केली. "ही शकु कोण?"