गुंडू टेलर आणि साडेनऊ इंच

माझे सासरे गुंडूराव माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत. आधी खांदे बघतात, मग छाती, मग कंबर, आणि एवढं मनात टिपून झालं की मग 'बसा' म्हणतात. मी मिरजेहून पहिल्यांदा चामराजपुरमच्या या घरात आले तेव्हा त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही की नोकरी विचारली नाही. म्हणाले, "उजवा खांदा स्वल्प उतरलाय. पर्स त्याच बाजूला लावता अल्वा?" मला राग आला. खरं होतं म्हणून जास्तच आला.

घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. मागच्या खोल्यांत आम्ही चौघं: मामा म्हणजे हेच सासरे, आत्या म्हणजे माझ्या सासूबाई अंबूताई, माझा नवरा निवृत्ती आणि मी. यांच्या किती पिढ्या म्हैसुरात झाल्या ते कुणालाच नक्की माहीत नाही. घरात मराठीच बोलतात, पण तिला कन्नडाची फोडणी सढळ हाताने दिलेली असते: 'थोडं'चं 'स्वल्प', 'नाही का'चं 'अल्वा'. पहिले सहा महिने कुठल्या बोलण्यावर हसायचं हे मी निवृत्तीकडे बघून ठरवत होते.

मग मला दिवस गेले. तपासणीत जुळं निघालं आणि आत्यांनी गल्लीत साखर वाटली. ती संपायच्या आत डॉक्टर वेदवतींनी सांगितलं की दोन्ही बाळांना एकाच वारेतून पोषण मिळतंय. "एका ताटात दोघं जेवायला बसलीत. एकाचा हात लांब आहे, दुसऱ्याला कमी मिळतंय." सव्विसाव्या आठवड्यापासून मला पलंगावर झोपवून ठेवलं. डाव्या कुशीवर. उठायचं ते फक्त न्हाणीघरापुरतं. दर पंधरा दिवसांनी स्कॅन करायचं आणि मागं पडलेलं बाळ वाढतंय ना ते बघायचं. ते वाढायचं थांबलं, तर दिवस भरायची वाट न बघता दोघांना बाहेर काढावं लागणार होतं.

पहिला रिपोर्ट आला तेव्हा निवृत्तीनं तो मोठ्यानं वाचला. इंग्रजी शिकलेला माणूस, पण दुसऱ्या ओळीतच त्याचा आवाज बारीक झाला. मामा दारात उभे होते, गळ्यात टेप. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि म्हणाले, "अरे, हे तर अळतेचं कागद!"

खरंच की, अळते म्हणजे मापं. डोक्याचा घेर, पोटाचा घेर, मांडीच्या हाडाची लांबी. एकीकडे 'ए' बाळ, एकीकडे 'बी' बाळ. सगळं मिलिमीटरमध्ये, मामांनी ते खडूनं पाटीवर इंचांत मांडलं. आम्हा शिकलेल्यांना भीतीशिवाय काही कळलं नव्हतं आणि हे गृहस्थ तक्रार करत होते, "छातीचं माप कुठंय? खांदा इल्ला, छाती इल्ला. कसले लोक हो हे? आणि दोन इंचाची मांडी! हिला चड्डी कशी बेतायची?" मुलगा की मुलगी हे कायद्यानं सांगत नाहीत, त्याचं त्यांना काहीच नव्हतं. झबलं दोघांना सारखंच.

झबलं म्हटल्याबरोबर आत्या स्वयंपाकघरातून धावत आल्या. पोटातल्या लेकरासाठी आधी काही शिवायचं नाही, हा आमच्यातला नियम. सगळ्या गावाच्या लेकरांचे कपडे या घरात शिवले गेले, पण निवृत्तीचं पहिलं झबलंसुद्धा तो जन्मल्यावरच मशीनवर चढलं होतं.

"शिवतोय कुठं? बेततोय," मामा म्हणाले. "आणि कापड नाही, कागद आहे."

"कात्री तर कात्रीच अल्वा?"

"कागदाला सूत नसतं, अंबू. सूत नाही तर शिवण नाही."

दोन दिवस घरात अबोला होता, म्हणजे आत्या फक्त माझ्याशी आणि भांड्यांशी बोलत होत्या. शेवटी तडजोड झाली. कागद कोरा नसावा, जुना पेपर असावा. 'नवं काही बेडा', म्हणजे नको. त्यामुळे माझ्या दोन्ही लेकरांची पहिली झबली कन्नड वर्तमानपत्राची होती. ए बाळाच्या पाठीवर निवडणुकीचा निकाल होता आणि बी बाळाच्या पोटावर प्रेशर कुकरची जाहिरात. मामांनी ती पलंगासमोरच्या खिळ्याला अडकवली. पंधरा दिवसांनी नवा रिपोर्ट आला, नवी जोडी बेतली गेली, जुनीवर ठेवून बघितली गेली. चारी बाजूंनी कागद बाहेर आला की मामा नुसतं "हं" म्हणायचे. त्या 'हं'वर मी पुढचे पंधरा दिवस काढायची. खोटं कशाला सांगू, डॉक्टरांच्या बोलण्यापेक्षा मला त्या कागदांचा भरवसा वाटायचा. डोळ्यांना दिसायचं ना. बी बारीक होतं, पण वाढत होतं. तिसाव्या आठवड्यात त्याचं पोट साडेनऊ इंच भरलं तेव्हा मामांनी गिऱ्हाइकांना म्हैसूरपाक दिला आणि कारण सांगितलं नाही.

मग दसरा आला. म्हैसुरात दसरा म्हणजे टेलरला मान वर करायला सवड नाही. पुढच्या खोलीत ब्लाउजांचा ढीग आणि बायकांचा कलकलाट. मला पलंगावरून सगळं ऐकू यायचं. "गळा मोठा करा", "गळा एवढा मोठा नको होता", "माझ्या बहिणीचं आधी दिलंत". मी भिंतीपलीकडून मनातल्या मनात सगळ्यांशी भांडून घ्यायची. दुसरं काम काय होतं मला?

बत्तिसाव्या आठवड्याचं स्कॅन नेमकं दुर्गाष्टमीला आलं. नेहमीची जागा सुट्टीसाठी बंद होती, म्हणून निवृत्तीनं मला दुसरीकडे नेलं आणि घाईत जुनी फाइल घरीच विसरला. तिथल्या माणसानं आजची मापं लिहून दिली. आधीची त्याच्यासमोर नव्हतीच, तो तुलना कशाशी करणार? रिपोर्ट दुसऱ्या दिवशी सकाळी हातात आला. निवृत्तीनं वाचला आणि हसून म्हणाला, "दोघांचे ठोके नीट आहेत. वेदवती मॅडमना सोमवारी दाखवू, तोवर सुट्टीच आहे."

तो दिवस आयुधपूजेचा. मशीन, कात्री, टेप, खडू, अगदी काजाची सुईसुद्धा विठ्ठलाच्या तसबिरीपुढं मांडली होती. सगळ्यावर कुंकू, शेवंतीची फुलं. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. चाळीस वर्षांत मामांनी लावलेला नव्हता.

पाटीवर त्यांनी आकडे मांडले. बघत बसले. बोटांनी हवेत काहीतरी मोजलं. उठले, देवापाशी गेले, परत आले. कात्री हातात नसली की या माणसाला आकडासुद्धा धड वाचता येत नाही, असं मी आत्यांना म्हणाले आणि आम्ही दोघी हसलो. तेवढ्यात मामांनी पूजेतली कात्री उचलली. फुलं घरंगळून खाली पडली.

"अय्यो, अहो! काय करताय? आज नको! उद्यापर्यंत थांबवत नाही?"

मामांनी आधी ए बाळाचा कागद बेतला, जुन्यावर ठेवला. बाहेर आला. बी बाळाचा बेतला, जुन्यावर ठेवला. एक रेघसुद्धा बाहेर आली नाही. आपलंच काही चुकलं म्हणून त्यांनी दुसरा कागद घेतला. पुन्हा तेच. कात्रीचं कुंकू कागदाच्या कडेला लागलं होतं. साडेनऊ आणि साडेनऊ.

मी पोटावर हात ठेवला. सकाळपासून उजव्या बाजूची, म्हणजे बीची, हालचाल कमी वाटत होती, पण सणासुदीला कुठं कुरकुर करायची म्हणून मी गप्प होते.

निवृत्ती म्हणाला, "मामुली फरक असेल, बाबा. मॅडम सुट्टीवर आहेत. सुम्ने, उगाच कशाला त्रास द्यायचा?"

मामांनी त्याच्या हातातून फोन घेतला आणि स्वतःच डॉक्टरांना लावला. दसऱ्याच्या शुभेच्छा नाहीत, काही नाही. कन्नडात गिऱ्हाइकाची चिठ्ठी वाचावी तसं वाचलं, "पंधरा दिवसांपूर्वी एचं पोट साडेदहा, आज सव्वाअकरा. बीचं साडेनऊ, आजही साडेनऊ." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मामांनी मिलिमीटर सांगितले. मग माझ्याकडे वळून, "हालचाल?" मी म्हणाले, "सकाळपासून कमी वाटतेय." "कमी आहे म्हणते," मामा फोनवर म्हणाले. फोन ठेवून त्यांनी चपला घातल्या. "आत्ताच या म्हणाल्या."

रिक्षावाल्यानंही नुकतीच पूजा केली होती. रिक्षाला दोन्हीकडे केळीचे खांब, समोर झेंडूची माळ. आत मी, आत्या आणि माझं पोट. पुढं त्याच्या शेजारी अर्धे बाहेर लटकलेले मामा, मागून स्कूटरवर निवृत्ती. रस्ताभर पूजेत फोडलेले कोहळे. मामा प्रत्येक कोहळ्याला ओरडत होते, "निधान! निधान!" रिक्षावाला शेवटी वैतागून म्हणाला, "हळू तर चालवतोय अण्णा, याहून हळू म्हणजे ढकलत न्यावी लागेल." मी त्या अवस्थेतही हसले. मग रडले.

संध्याकाळी ऑपरेशन झालं. ए मुलगा निघाला, एक किलो आठशे. बी मुलगी, एक किलो दीडशे. वेदवती मॅडमनी नंतर स्पष्टच सांगितलं की सोमवारपर्यंत मुलगी राहिली नसती. मामा बाहेर बाकावर बसले होते. हे ऐकल्यावर त्यांनी गळ्यातला टेप काढला, गुंडाळला, खिशात घातला आणि रडायला लागले. हे आत्यांनी मला नंतर सांगितलं. त्यांना रडताना मी कधी बघितलं नाही, असं मी म्हणाले तेव्हा आत्या म्हणाल्या, मीसुद्धा नाही.

मुलगा पंधरा दिवसांत घरी आला. मुलगी अडतीस दिवस काचेच्या पेटीत होती. मामा रोज जायचे. पाच मिनिटं आत सोडत, तेवढ्यात बघून यायचे आणि मला म्हणायचे, "आज खांदा भरलाय स्वल्प."

ती घरी आली त्या दिवशी मामांनी पहिल्यांदा मशीनवर तिचं कापड घेतलं. मऊ मलमल, दोन झबली. आत्यांनी एक उचललं, दुसरं उचललं, एकावर एक धरलं आणि ओरडल्या, "हे काय? मुलाचं बेताचं आणि मुलीचं एवढं मोठं? ती याच्या निम्मी नाही. अळते चुकलं तुमचं!"

"चुकलं नाही," मामा दोरा तोडत म्हणाले. "तिचं वाढत्या अंगाचं शिवलंय."