डावखुऱ्याचं कोपर

तो खोटं बोलतोय हे त्याने शर्ट काढला तेव्हाच माझ्या लक्षात आलं. आधी उजवा हात बाहेर काढला, मग डोकं, आणि मग डाव्या हातावरून शर्ट अलगद ओढून घेतला, एखाद्या झोपलेल्या मुलाचा काढावा तसा. आणि म्हणाला, "फारसं दुखत नाही."

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. टेक्ससमधल्या एका मध्यम शहरातल्या हॉस्पिटलमध्ये मी फिजिओथेरपिस्ट होते. शिक्षण नागपूरचं, नवरा टेक्ससमधल्याच एका तेल कंपनीत इंजिनिअर. माझे पेशंट बहुतेक म्हातारे असत. कुणाचं खुब्याचं हाड मोडलेलं, कुणी पक्षाघातातून उठलेलं. त्यात हा बावीसेक वर्षांचा, दारातून वाकून आत येणारा उंच मुलगा. कुठल्याशा फॅमिली डॉक्टरने पाठवलं होतं.

"काय करतोस?" मी विचारलं.

"घरं रंगवतो. शिडीवरून पडलो."

मी त्याचा हात हातात घेतला. नखांत रंगाचा कण नव्हता. पडल्याचं खरचटणं, काळंनिळं, काहीच नव्हतं. डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांची टोकं मात्र कातड्यासारखी टणक झाली होती. कोपराच्या आतल्या बाजूला मी अंगठ्याने दाबलं तेव्हा त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि श्वास रोखला. खांदा इतका मागे वळत होता की मी दोनदा तपासून पाहिला. माणसाचा खांदा असा आपोआप वळत नाही. वर्षानुवर्षं एकच काम केलं तरच वळतो. काय काम, ते मला कळेना. बेसबॉल मी टीव्हीवर चॅनेल बदलताना पाहिला असेल तेवढाच. मारामाऱ्या करत असेल, असं मनात आलं. पोलिसांचं काही लफडं नसेल ना, असंही आलं.

तो गेल्यावर समांतर दांड्यांना धरून चालण्याचा सराव करणारे एक आजोबा हसले. आयुष्यभर विमा कंपनीत क्लेम तपासण्याचं काम केलेले गृहस्थ. समोरचा माणूस खोटं बोलतोय असं धरूनच ते बोलायला सुरुवात करायचे.

"रंगारी म्हणाला का? हनी, तो आपल्या गावच्या संघाचा पिचर आहे. रोज पेपरात फोटो असतो त्याचा."

मग त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. पिचर म्हणजे बेसबॉलमध्ये फलंदाजाला चेंडू टाकणारा. आमच्या गावचा संघ मायनर लीगमधला, म्हणजे खालच्या पायरीवरचा. त्याचा मालक मोठ्या शहरातला मेजर लीग क्लब. खाली तयार झालेली मुलं तो क्लब हवी तेव्हा वर बोलावतो. सप्टेंबरमध्ये वरच्या संघाला जास्त खेळाडू ठेवायची मुभा असते, आणि या डावखुऱ्याला सप्टेंबरात बोलावणार असं सगळं गाव म्हणत होतं. तेव्हा जुलै संपत आला होता.

"दुखणं क्लबला कळलं तर बोलावणार नाहीत," आजोबा म्हणाले. "म्हणून रंगारी."

"तुम्ही कुणाला सांगू नका."

"मी कधी कुणाला काही सांगितलंय?" ते म्हणाले. हे वाक्य मला तेव्हाच आवडलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी तो आला तेव्हा मी सरळ म्हटलं, "तू पिचर आहेस हे मला कळलंय. निदान दुखतं कधी ते तरी खरं सांग."  तो म्हणाला की चेंडू सोडल्यानंतर दुखतं, नऊपैकी पाचव्या इनिंगपासून बोटं बधिर होतात, आणि रात्री उशीवर हात ठेवून झोपावं लागतं. चार वर्षं तो बसने गावोगाव हिंडत खेळत होता. "आता फक्त सप्टेंबर काढायचाय," तो म्हणाला. "तू कुणाला बोलणार नाहीस ना?"

"तुझ्या परवानगीशिवाय नाही."

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी विभागात फोन आला. पलीकडे जाडसर, घोगरा आवाज. आपण त्या मुलाचे काका आहोत म्हणे. घरचे काळजीत आहेत. "कोपर कसं आहे त्याचं? फास्टबॉल टाकताना जास्त दुखतं का कर्व्ह टाकताना?"

काळजीत असलेले काका असले प्रश्न विचारत नाहीत. "आम्ही फोनवर काही सांगत नाही," एवढं बोलून मी फोन ठेवला. मुलगा आल्यावर त्याला सांगितलं.

"मला काका नाहीत," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला. आणि मग ज्या नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं, ती मला नवी नव्हती. परदेशातल्या दुकानात आपण एखादी वस्तू उगीच फार वेळ हातात धरली की काउंटरवरची बाई असं बघते. त्यानंतर तो आलाच नाही.

घरी मी हे नवऱ्याला सांगितलं. नाव-गाव न सांगता, पण त्याने ओळखलंच. त्याचे स्वतःचे दिवस तेव्हा संशयातच चालले होते. तेलाचे भाव कोसळले होते, आणि कंपनी रोज सांगत होती की कुणालाही काढणार नाही. "मॅनेजर शुक्रवारी स्वतः डोनट घेऊन आला," तो मला म्हणायचा, "म्हणजे काहीतरी शिजतंय." पिचरची गोष्ट ऐकून तो म्हणाला, "क्लब त्याला न बोलावण्याचं निमित्त शोधत असेल. आपल्याकडे क्रिकेटच्या निवड समितीत हेच चालतं. चांगल्या पोराला बाहेर बसवायचं असलं की म्हणायचं, अजून थोडा पिकू दे."

"पण याचं कोपर खरंच दुखतंय रे."

"असेल. पण दुखणं कुणाच्या सोयीचं आहे ते बघ."

त्याच शनिवारी आम्ही सामना पाहायला गेलो. लाकडी बाकं, पाठीला चिकटलेले शर्ट, दिव्यांभोवती किड्यांचे ढग. लोक चेंडू बघत होते, मी कोपर. पाचव्या इनिंगनंतर ते खाली यायला लागलं. आधी खांद्याच्या रेषेत असायचं, मग बोटभर खाली, मग वीतभर. लोक टाळ्या वाजवत होते. तो दोन फलंदाजांच्या मधे पाठ वळवून बोटांची उघडझाप करत होता. संघाच्या बाकावरून एक म्हातारासा, टोपी घातलेला माणूस त्याच्याकडे एकटक बघत होता. माझ्यासारखाच, चेंडूकडे न बघता.

ऑगस्टच्या मध्यावर तोच टोपीवाला मुलाला घेऊन माझ्या विभागात आला. संघाचा ट्रेनर, म्हणजे खेळाडूंच्या दुखण्याखुपण्याकडे बघणारा माणूस. त्याने "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हटलं मात्र, मी आवाज ओळखला.

"तुम्हीच काका," मी म्हटलं.

त्याला लाज वाटली असावी, पण त्याने नाकारलं नाही. "दर सोमवारी याचा लाल पिकअप ट्रक हॉस्पिटलसमोर उभा दिसायचा. यानं स्वतः येऊन सांगावं म्हणून वाट पाहिली. नाही सांगितलं."

मुलाने त्याच्याकडे पाहिलंच नाही. तो माझ्याकडेच बघत होता. पिकअपची गोष्ट त्याला पटलेली नव्हती हे स्पष्ट दिसत होतं.

"वरून विचारतायत," ट्रेनर म्हणाला. "सप्टेंबरात हा टाकू शकेल का?"

मी मुलाला विचारलं, "तुझ्यासमोर सांगू?"

"सांग," तो म्हणाला. "बरं आहे म्हणून सांग."

मी परत तपासलं. मग जे होतं ते बोलले. सहा आठवडे चेंडूला हात लावायचा नाही. मग हळूहळू सुरुवात. नीट विश्रांती घेतली तर वसंतापर्यंत कोपर पूर्ववत होईल. तसाच टाकत राहिला तर आतलं लिगामेंट फाटेल, आणि मग वर जायचा प्रश्नच उरणार नाही.

ट्रेनरने टोपी काढून परत घातली. मुलगा शर्ट घालायला लागला. मी मदतीला हात पुढे केला तर तो मागे सरकला.

"कधीपासून बोलतेस यांच्याशी?" त्याने विचारलं.

"आजच. तुझ्यासमोर."

"हो का," तो म्हणाला आणि निघून गेला.

सप्टेंबरात दुसऱ्याच एका पिचरला वर बोलावलं. आमचा डावखुरा आपल्या घरी गेला, मक्याच्या शेतांमधल्या कुठल्याशा छोट्या गावात. मला अधूनमधून ते "हो का" आठवायचं. त्या आजोबांचाही मला संशय यायचा, की खरंच ते कुणाजवळ बोलले नसतील ना? विचारलं तर म्हणाले, "तीस वर्षं लोक मला हाच प्रश्न विचारत आले." हे काही उत्तर नव्हतं.

वसंतात तो परत आला. ट्रेनरने त्याला पुन्हा माझ्याकडे आणलं. कोपर उत्तम होतं. मी जोर लावून वाकवलं, पिळलं, दाबलं. त्याने एकदाही कॅलेंडरकडे पाहिलं नाही. "हा तयार आहे," मी दोघांनाही सांगितलं. ट्रेनर म्हणाला, "मीही वर तेच कळवलंय."

हंगाम सुरू झाला. एप्रिलमध्ये त्याच्यापुढे कुणी टिकेना. वरचा संघ रोज मार खात होता, त्यांना डावखुरा पिचर हवाच होता. तरी बोलावणं येईना. मग एका सकाळी आजोबा पेपर घेऊन आले. ते आता काठीवर चालत, फक्त गप्पा मारायला यायचे. त्यात क्लबचा कुणी अधिकारी म्हणत होता, डॉक्टरी सल्ल्यामुळे आम्ही त्या मुलाच्या कोपराची काळजी घेतोय, घाई करणार नाही.

"कुठला डॉक्टरी सल्ला?" मी म्हटलं.

"तुझाच असणार. गेल्या वर्षीचा."

"पण आता कोपर बरं आहे. मी सांगितलंय तसं."

आजोबा खुर्चीत बसले आणि आवाज खाली आणून बोलू लागले, जसे ते स्वतःच्या बायपास ऑपरेशनबद्दल बोलायचे. वरच्या संघात खेळाडू जितका काळ असतो तो मोजला जातो. ठरावीक वर्षं भरली की तो मोकळा. दुसऱ्या कुठल्याही क्लबकडे जाऊ शकतो. हंगामाचे सुरुवातीचे काही आठवडे खालीच ठेवला, तर हे वर्ष पूर्ण धरलं जात नाही, आणि तो आणखी एक वर्ष त्यांच्या ताब्यात राहतो. "जूनमध्ये बघ, त्याचं कोपर अचानक बरं होईल," ते म्हणाले.

हे खरं का खोटं मला कळायला मार्ग नव्हता. आजोबांना सगळीकडे लबाडीच दिसायची. पण माझ्या तोंडचे शब्द कुणीतरी छत्रीसारखे उघडून धरलेत, याचा मला संताप आला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या मोठ्या शहरात क्लबच्या ऑफिसला फोन लावला. इकडून तिकडे जोडत शेवटी एका अतिशय गोड बोलणाऱ्या माणसाकडे पोचले.

"तुमच्याशी बोलायला त्याने मला परवानगी दिलीय," मी म्हटलं. दिली होती, आदल्याच दिवशी त्याला बोलावून मी विचारलं होतं, आणि तो नुसता खांदे उडवून "बोल" म्हणाला होता. "माझा सल्ला गेल्या ऑगस्टमधल्या सहा आठवड्यांचा होता. आता तो संपला. आता मुलगा तयार आहे."

"तुमच्या काळजीबद्दल आभारी आहोत, मॅडम," तो माणूस म्हणाला. "खेळाडू तयार होणं म्हणजे फक्त हात नसतो."

"मग पेपरात हाताचं कशाला सांगता?"

तो हसला. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. "तुमचा दिवस चांगला जावो," म्हणाला.

जूनच्या सुरुवातीला बोलावणं आलं. आजोबांनी पेपर माझ्या टेबलावर ठेवला आणि काही न बोलता निघून गेले, हे त्यांच्या मानाने मोठंच होतं. त्याच दिवशी संध्याकाळी विभाग बंद करताना तो मुलगा दारात दिसला. अंगात कोट, उन्हाने लाल झालेली मान.

"उद्या सकाळचं विमान आहे," तो म्हणाला.

मी अभिनंदन केलं. कोपर कसं गरम करायचं, टाकून झाल्यावर बर्फ किती वेळ ठेवायचा, हे परत सांगितलं. तो ऐकत होता आणि ऐकत नव्हता. मग म्हणाला, "एक विचारू? गेल्या वर्षी... त्या दिवसाआधी तू खरंच ट्रेनरशी बोलली नव्हतीस?"

"नव्हते."

"त्या म्हाताऱ्याशी?"

"तुझ्याबद्दल मी त्यांना काही सांगितलं नाही. त्यांनी तुला पाहिलं होतं."

"ओके," तो म्हणाला. हात मिळवला. त्याचा विश्वास बसला असं मला वाटलं नाही. बसला नाही असंही ठाम म्हणता येणार नाही. त्याच्या जागी मी असते तर मलाही ठरवता आलं नसतं.

त्या वर्षाच्या शेवटी नवऱ्याची नोकरी गेलीच. पुढे ह्यूस्टनला काम मिळालं आणि आम्ही जवळच्याच शुगर लँड या उपनगरात राहायला आलो. डावखुरा तोवर वरच्या संघात टिकला होता. फार नावाजला नाही, पण होता. दोन उन्हाळ्यांनी त्याचा संघ ह्यूस्टनला आला तेव्हा नवऱ्याने तिकिटं काढली. छताखालचं प्रचंड स्टेडियम, एसीची थंडी. मी पदर घट्ट लपेटून बसले होते. कोपर खांद्याच्या रेषेत होतं, शेवटपर्यंत. पण त्याला तिसऱ्याच इनिंगमध्ये इतका मार बसला की संघाच्या मॅनेजरने मैदानात येऊन त्याच्याकडून चेंडू काढून घेतला. मान खाली न घालता तो चालत गेला.

परतताना गाडीत नवरा म्हणाला, "तो गोड बोलणारा खरं बोलत होता की काय? नुसता हात नसतो म्हणून?"

"खरं असलं तरी त्याला खाली ठेवण्याचं ते कारण नव्हतं," मी म्हटलं. "त्याला एप्रिलमध्येच न्यायला हवं होतं."

"तेव्हाही मार खाल्ला असता."

"खाल्ला असता. म्हणून काय झालं? दोन महिने आधी शिकला असता."

नवऱ्याने गाडी हायवेवर घेतली. मग म्हणाला, "आणि त्या सप्टेंबरात?"

"त्या सप्टेंबरात नाही," मी म्हटलं. त्याबद्दल मला कधीच शंका नव्हती.