धुऱ्यावरची पऱ्हाटी

ज्याच्या घरी ऐकणारं माणूस असतं त्याचे किस्से रोजच्या रोज संध्याकाळी संपतात. माझे साठले. सेवाग्रामजवळ दोन खोल्यांचं क्वार्टर, सांगलीचं घर एका अख्ख्या प्रवासाच्या अंतरावर, लग्न जमलं नाही ते नाहीच. रात्री सांगणार कोणाला? भिंतीवरच्या पालीला? ती निदान चुकचुकायची तरी!

आमची लॅब म्हणजे चार माणसं. मोठ्या मॅडम, टेक्निशियन ढोलेभाऊ, नमुने गोळा करणाऱ्या मेश्राम सिस्टर आणि मी. काम गर्भाशयाच्या अस्तरातल्या स्टेम सेल्सचं. हे अस्तर दर महिन्याला गळतं आणि पुन्हा उगवतं. ते ज्यांच्यापासून उगवतं, त्या मूळपेशी. काही बायकांमध्ये असं अस्तर पोटात भलतीकडेच, अंडाशयावर, आतड्यावर वाढायला लागतं. तो एंडोमेट्रिओसिस. तिथेही या मूळपेशीच जाऊन रुजतात का, हा आमचा प्रश्न.

हे सगळं मी हिंगणघाटच्या एका पेशंटला चांगला अर्धा तास समजावलं. चित्रं काढून! बाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हंजे पऱ्हाटी वावरात नाई, धुऱ्यावर उगोली, असंच ना?"

पऱ्हाटी म्हणजे कपाशी हे मला ठाऊक होतं. धुरा म्हणजे शेताचा बांध, हे ढोलेभाऊंना विचारावं लागलं. मॅडमना हे इतकं आवडलं की दिल्लीच्या परिषदेत त्यांनी कपाशीचा फोटो दाखवूनच भाषण सुरू केलं. पहिला प्रश्न आला, "मॅडम, कपाशीत गर्भाशय असतं?"

*

पेशींना सदतीस डिग्री तापमान लागतं. वीज गेली की जगभरच्या लॅबमध्ये पेशी गारठतात. आमच्या वर्ध्यात मे महिन्यात उकडतात! बाहेर शेहेचाळीस, आणि त्यात लोडशेडिंग.

एका दुपारी जनरेटरनेही मान टाकली. ढोलेभाऊंनी पेशी वाढवायचे सगळे फ्लास्क ओल्या दुपट्ट्यात गुंडाळले आणि व्हरांड्यातल्या माठाला टेकवून ठेवले. वर स्वतः स्टूल टाकून राखणीला बसले. पाणी प्यायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच तंबी, "पानी प्या, पन हालवू नका. झोपल्या हायेत."

तेवढ्यात दुसऱ्या विभागाचे सर आले. त्यांनी पाणी प्यायलं, दुपट्ट्याकडे पाहिलं, आवाज खाली आणून विचारलं, "नात का हो?"

*

मग एका पेपरात छापून आलं की स्टेम सेलनं सगळंच बरं होतं. झालं! लॅबच्या दारात रांग. कोणाचं टक्कल, कोणाचा लकवा, कोणाची मधुमेहाची जखम. पुलगावकडचे एक आजोबा गुडघे धरून आले आणि हटेचनात.

"थोड्याश्याच द्या ना मॅडम. एका टोंगळ्यापुरत्या."

शेवटी मी सांगून टाकलं, "आजोबा, या पेशी बायकांच्या गर्भाशयातल्या आहेत."

आजोबांनी थोडा विचार केला. "चालते," म्हणाले. "मले काई हरकत नाई."

*

पेशींना सुटी कळत नाही. त्यांचं खाणं, म्हणजे ते गुलाबी द्रावण, ठरल्या दिवशी बदलावंच लागतं. पोळ्याला ढोलेभाऊ समुद्रपूरकडे गावी जायचे, दसऱ्याला सिस्टर दीक्षाभूमीला, दिवाळीत मॅडम मुलाकडे. उरले कोण? "ताई हायेतच की!" हे ढोलेभाऊंचं पालुपद. त्यांच्या मनात काही नसायचं, पण मला ते लागायचं.

एका लक्ष्मीपूजनाला फोन वाजला. मॅडम! "जेवण झालं का गं?"

मला एकदम भरून आलं. सणाच्या दिवशी कोणीतरी विचारलं! "हो मॅडम. वरणभात केला होता, थोडी बटाट्याची भाजी..."

मॅडमनी मध्येच थांबवलं. मग म्हणाल्या, "अगं, फ्लास्कचं विचारतेय मी."

हा किस्सा मी पुढे सगळ्यांना हसत सांगितला. त्या संध्याकाळी मात्र हसू आलं नव्हतं. त्यात माझे ते दिवस सुरू होते. लॅब बंद करून मी क्वार्टरवर गेले आणि पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून फरशीवर पडून राहिले. गल्लीत फटाके वाजत होते. आई फोनवर नेहमी म्हणायची, "बाईच्या जातीला एवढं दुखायचंच. तूच नाजूक." मला ते खरं वाटायचं. सगळ्या बायका एवढंच सोसून वर हसून कामाला येतात, मीच तेवढी रडकी, याची लाज वाटायची. सुटी घेतली तर ताप आला म्हणून सांगायचे.

*

गिरडकडून एक सून सासूबरोबर आली. लहानखुरी, पांढरी पडलेली. मी आमचे ठरलेले प्रश्न विचारायला लागले. "पाळीत किती दुखतं?"

सासूच बोलली, "तिले काय दुखते! आमी नाई का त्या दिवसांत वावरात निंदन केलं? आताच्या पोरी निरा नाटकी!"

सून खाली मान घालून बसलेली. सिस्टरनी सासूला सांगितलं, "आजी, जीभ दाखवा." सासूनं दाखवली. "आता अशीच ठेवा."

सून पहिल्यांदा हसली आणि बोलायला लागली. मीही हसले. पण खरं सांगू? मनातून मी सासूच्या बाजूची होते. एवढ्यासाठी दवाखान्यात येतं का कोणी, असंच मला वाटत होतं.

*

पेशंटचे नमुने भरपूर झाले, तुलनेला निरोगी बायका मिळेनात. निरोगी बाई दवाखान्यात येईल कशाला? मॅडम म्हणाल्या, "घरच्याच घ्या." म्हणून सिस्टरनी स्वतःचा नमुना दिला, ढोलेभाऊंनी बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना तयार केलं, आणि मीही दिला. पाळीतल्या रक्तातून त्या पेशी मिळतात. बाटल्यांवर नावं नाहीत, नुसते नंबर. कोणता कोणाचा हे एकट्या मॅडमना ठाऊक.

तीन फ्लास्क. दोन शहाण्यासारखे, पेशींच्या चारदोन वसाहती धरून बसलेले. तिसरा मात्र माजला! हुबेहूब पेशंटच्या फ्लास्कसारखा.

मॅडम ढोलेभाऊंवर घसरल्या. "पेशंटचा फ्लास्क यात मिसळला तुम्ही!"

"माह्या हातून असं होत नाई मॅडम," भाऊ रडवेले झाले.

पुढच्या महिन्यात पुन्हा नमुने, सगळं मॅडमनी स्वतःच्या हातानं केलं. तिसरा पुन्हा माजला.

त्या दिवशी चहाच्या वेळी वहिनी भाऊंचा डबा घेऊन आल्या होत्या. मॅडम आल्या आणि उभ्याउभ्याच मला विचारलं, "तुला पाळीत दुखतं का गं?"

इतक्या बायकांना मी हा प्रश्न विचारला होता, मला कोणी विचारला नव्हता. मी हसलेच. "दुखतं म्हणजे काय मॅडम, सगळ्यांना दुखतं तेवढंच. दोन दिवस उभं राहवत नाही, उलट्या होतात, एकदोनदा चक्कर येऊन पडते. मग होतं बरं."

भाऊंनी कप खाली ठेवला.

"हो की नाही सिस्टर?" मी म्हटलं. "तुम्हालाही होतच असेल ना?"

सिस्टरनी नकारार्थी मान हलवली. मी वहिनींकडे पाहिलं.

वहिनी डब्याचं झाकण लावत होत्या. त्या थांबल्या, माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "नाई ओ ताई. आमाले नाई होत असं."