उदबत्तीचा धूर कुठे जातो

गुणवंतभाऊ ऊन लागून गेले, हे आमच्या ह्यांनी दारातच सांगितलं तेव्हा मी ह्यांच्यावरच चिडले. काहीतरी ऐकून येता, म्हटलं. मे महिन्यात भर दुपारी कोणी फाटकाबाहेर पाऊल टाकलं की अख्ख्या सेक्टरला ऐकू जाईल असं ओरडणारा हा माणूस. लू, म्हणजे इथली उन्हाळी झळ, लागू नये म्हणून माझ्या पर्समध्ये कांदा टाकणारा. आणि ऊन त्यांना लागावं? दोन महिने होत आले, अजून हे माझ्या डोक्यात शिरत नाही.

भाऊ इथे हिंदी मुलखात, कारखान्याच्या टाउनशिपचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात होते, विदर्भातले, आमचे पूर्वीचे शेजारी. मी ज्या शाळेत शिकवते तिचा मोठा हॉल त्यांनीच सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आखला. "पश्चिमेले माणूस बसवायचा नाही, ताई," ते सांगत. "जिना बसवा, स्टोअर बसवा. ऊन त्याइले खाऊ द्या." हॉलला खाली बुटक्या खिडक्या आणि वर छपराखाली झरोक्यांची रांग. तापलेली हवा वर चढते, तिला बाहेर पडायला वाट पाहिजे, एवढंच आपलं शास्त्र, म्हणत. उन्हाळ्यात खिडक्या दिवसा बंद, संध्याकाळी उघड्या. त्यासाठी चौकीदाराच्या मागे लागत. पण खरी परीक्षा पावसाळ्यातल्या घामाची, आणि तिथे झरोके कामाला येत. हॉल बांधून होत होता तेव्हा ते पेटती उदबत्ती घेऊन कोपऱ्याकोपऱ्यात उभे राहत आणि धूर कुठे जातो ते बघत. ठेकेदाराला वाटलं, साहेब वास्तुपूजा करतायत. तो चपला काढून नारळ घेऊन आला. भाऊ बौद्ध. हसून म्हणाले, "पूजा नहीं भैया, हवा देख रहा हूँ." नारळ मात्र फोडला, खोबरं सगळ्यांनी खाल्लं.

रिटायर होऊन ते नेहरू नगरला स्वतःच्या घरी गेले, तरी त्यांचा जीव हॉलमध्येच अडकलेला. यंदा सुट्टीत शाळेनं ठरवलं, झरोके विटांनी बुजवायचे आणि कूलर लावायचे. कबुतरं फार झाली होती, धूळ यायची. मुख्याध्यापकही वैतागले होते. काम सुरू झाल्याचं भाऊंना कळलं तेव्हा मे महिन्यातली भर दुपार होती. शांतावहिनी म्हणाल्या, "संध्याकाळी जा ना, कावून एवढी घाई?"

"संध्याकाळपर्यंत सारे बुजवून टाकतीन," म्हणाले आणि स्कूटर काढली.

अर्धी रांग बुजली होती. त्यांनी हात जोडून काम थांबवायला लावलं. मुख्याध्यापक म्हणाले, बरं, आज राहू द्या, पुढे बघू. परतताना सुपेल्याच्या चौकात भाऊ स्कूटरसकट कोसळले... दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डिकीत उदबत्तीचा पुडा निघाला. "दुनियेच्या खिशात कांदे घातले," वहिनी मला म्हणाल्या, "अन् सोताच्या खिशात नाही." त्या रडल्या नाहीत. मीच रडले, आणि खरं सांगते, रागानं रडले.

जुलैत शाळा उघडल्यावर त्याच हॉलमध्ये शोकसभा झाली. टेबलावर त्यांचा फोटो ठेवला होता, नेमका बुजवलेल्या झरोक्यांच्या बाजूला. नवा कूलर घोंघावत होता आणि आमचे पदर घामानं ओले होत होते. वहिनींनी उदबत्ती लावली. मुख्याध्यापक भाऊंच्या कामाबद्दल चांगलं बोलत होते, पण माझं लक्ष धुरात. तो वर गेला, छपराशी थबकला आणि आमच्याच डोक्यांवर साचून राहिला. मग दिसलं की जुने शिक्षकही मान वर करून तेच बघतायत.

वहिनी उठल्या. त्यांनी उदबत्ती हातात घेतली आणि भाऊ चालायचे तशा सावकाश हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. तिथे धूर वर चढला, जरा वाकला आणि उघड्या झरोक्यातून बाहेर पडला.

"इथं हवा हाये," त्या म्हणाल्या. "त्याइले इकडं आणा."

फोटो मी उचलला. मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला, एकेक जण आपापली खुर्ची घेऊन येऊ लागला. भाषण अर्धवट टाकून मुख्याध्यापकही आले, स्वतःची खुर्ची स्वतः उचलून. बसताना त्यांनी एकदा वर, त्या बुजवलेल्या रांगेकडे बघितलं. मग शिपायाला म्हणाले, "कल मिस्त्री को बुला लेना. ईंटें निकलवानी हैं."